नाटकशाळा : एका वास्तुवाचक शब्दाची तंजावरी कथा

मराठीत नाटकाच्या वास्तूला अनेक नावे आहेत. पुण्यात १९६८ साली बालगंधर्वांच्या नावाने जे उभे राहिले ते रंगमंदिर होय. मुंबईत रवींद्रनाथांच्या नावाचे नाट्यमंदिर आहे. कोल्हापुरातील वास्तूला केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले तेव्हा तिला नाट्यगृह म्हटले गेले. बोलीत तर थिएटर, थेटर हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या रुळले आहेत. या नामावळीत एक शब्द मात्र दिसत नाही, आणि रचनेच्या दृष्टीने पाहिले तर तोच सर्वांत सरळ शब्द होता. गाईंची ती गोशाळा, पाकाची ती पाकशाळा, यज्ञाची ती यज्ञशाळा. त्याच न्यायाने नाटकाची ती नाटकशाळा. शब्द घडवावाही लागत नव्हता. तो संस्कृतातून आयता आलेला होता आणि मराठी कागदपत्रांत शतकानुशतके वावरत होता. असे असूनही एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत नाट्यवास्तूंची नावे ठरविणाऱ्यांनी त्याला हात लावला नाही.

याचे कारण त्या काळच्या कोणाही जाणत्या मराठी माणसाला सांगावे लागत नव्हते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या पहिल्या आवृत्तीचा काळ १८३१ चा, दुसरीचा १८५७ चा. या काळापर्यंत ‘नाटकशाळा’ म्हटले की डोळ्यांसमोर वास्तू येत नसे, तर स्त्री येत असे : राजाच्या अथवा सरदाराच्या आश्रयाला असलेली नाचणारी, गाणारी, पुष्कळदा त्याची रक्षा म्हणून राहणारी स्त्री. पेशवेकालीन कागदपत्रे वाचणाऱ्याला हा अर्थ पदोपदी भेटतो. घराचे नाव माणसाला लागावे आणि ते इतके घट्ट बसावे की मूळ घर विसरले जावे, हा प्रकार भाषेच्या इतिहासात कुतूहलाचा तर आहेच. पण नाटकाच्या इतिहासात त्याचे परिणाम कुतूहलाच्या पलीकडे जातात. त्यांचा विचार करण्यासाठी तंजावरइतके योग्य स्थळ दुसरे नाही. मराठी नाटकाच्या ज्ञात संहितांपैकी सर्वांत जुन्या संहिता तेथेच लिहिल्या गेल्या, आणि नाटकशाळा हा शब्द वास्तू, खाते व व्यक्ती अशा तिन्ही अर्थांनी समजून घेण्याची सामग्रीही तेथेच एकत्र सापडते.

प्रथम शब्दाचे घटक पाहू. ‘शाला’ म्हणजे छप्पर असलेली, विशिष्ट कामासाठी राखलेली जागा. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय सबंध नाट्यवास्तूला वाहिलेला आहे. त्यात नाट्यमंडपाचे विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे तीन आकार सांगितले आहेत. ज्येष्ठ, मध्यम व अवर अशी तीन मापे दिली आहेत. आणि माणसांच्या नाटकासाठी ६४ हात लांब व ३२ हात रुंद असा मध्यम मंडप पसंत केला आहे. मंडप याहून मोठा झाला तर नटाचा आवाज विरून जातो आणि मुखावरचे भाव प्रेक्षकाला दिसत नाहीत, हे त्याचे कारण. नेपथ्य, रंगशीर्ष, रंगपीठ, मत्तवारणी हे सर्व शब्द वास्तूच्या अंगांचे आहेत आणि त्यांतील एकही माणसाकडे सरकलेला नाही. उलट ‘नेपथ्य’ शब्दाचा अर्थ मराठीत पालटला तो वास्तूच्या दुसऱ्या भागाकडे : वेषभूषेची मागची खोली हा मूळ अर्थ सुटला आणि रंगमंचावरील देखाव्याची मांडणी हा नवा अर्थ आला.

राजवाड्यातील संगीतशाला कालिदासाच्या नाटकांतही आहे. ‘मालविकाग्निमित्र’ या नाटकाची नायिका राजाच्या आश्रयाखाली नृत्य शिकते आहे आणि दासी संगीतशालेकडे ये-जा करीत आहेत. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे ऐकू येते तेही संगीतशालेतूनच. मात्र तेथे शाला ती शाला आणि मालविका ती मालविका. जागा आणि तिच्यात वावरणारी व्यक्ती यांची नावे एकमेकांत मिसळलेली नाहीत.

कावेरीच्या मुलुखात आले म्हणजे याच विचाराचे दुसरे रूप दिसते. ‘शिलप्पदिकारम्’ या प्राचीन तमिळ महाकाव्यात, कावेरीच्या मुखाशी वसलेल्या पुहार नगरातील माधवी ही नर्तकी प्रथम रंगमंचावर चढते त्या प्रसंगाला एक संपूर्ण सर्ग दिलेला आहे. त्यात रंगमंचाची मापे अगदी सुताराला सांगावीत तशी आहेत : २४ अंगुळांचा एक कोल धरायचा, अशा ७ कोलांची रुंदी, ८ कोलांची लांबी, १ कोल उंचीचा चौथरा, आणि चौथऱ्यापासून वरच्या तुळईपर्यंत ४ कोल. दोन दारे आणि तीन तऱ्हांचे पडदे. तमिळमध्ये या जागेला ‘अरंगु’ म्हणतात. संस्कृत ‘रंग’ शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. अरंगावर चढणे ते ‘अरंगेट्रम्’. आज नृत्य शिकणाऱ्या मुलींच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमाला सर्वत्र हेच नाव आहे. तमिळने वास्तूच्या शब्दापासून एका क्रियेचे नाव घडविले. क्रिया करणारी माधवी आपल्या नावानिशी वेगळी राहिली.

खुद्द तंजावरचा या बाबतीतील पहिला मोठा पुरावा दगडावर आहे. राजराज चोळाने बांधलेल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर, त्याच्या राज्याच्या २९ व्या वर्षाचा, म्हणजे इ.स. १०१४ च्या सुमाराचा एक लेख आहे. चोळ राज्यातील निरनिराळ्या देवळांतून ४०० नर्तकी तंजावरला आणून वसविल्याची ती नोंद आहे. देवळाभोवतीच्या रस्त्यांवर त्यांना घरे दिली, आणि प्रत्येकीला वर्षाला १०० कलम भात येईल असा एकेक वाटा नेमून दिला. लेखात घरांचा क्रम आहे, रस्त्याची बाजू आहे, ती स्त्री पूर्वी कोणत्या गावच्या कोणत्या देवळात होती हे आहे, आणि तिचे नाव आहे. चारशे स्त्रियांची नावे कोरण्याइतका दगड राजाने त्यांच्यासाठी राखला. त्यांच्या वर्गाला लेखात ‘तळिच्चेरिप्पेण्डुगळ्’ म्हटले आहे. ‘तळि’ म्हणजे देऊळ, ‘चेरि’ म्हणजे वस्ती, ‘पेण्डुगळ्’ म्हणजे स्त्रिया. येथे जागेचे नाव आहे, पण जागेपाशी शब्द थांबत नाही; स्त्री हा घटक त्यात शाबूत आहे. नाटकशाळा या शब्दात पुढे जे गळून पडले ते नेमके हेच.

त्याच देवळात पुढे राजेंद्रदेवाच्या काळी, अकराव्या शतकाच्या मध्यास, ‘राजराजेश्वर नाटकम्’ नावाचे नाटक उत्सवात करण्यासाठी एका नटाला वर्षाला १२० कलम भात नेमून दिल्याचा लेख आहे. नटाचे नावही त्यात सविस्तर आहे. देवळाच्या शिखराखालील प्रदक्षिणामार्गात भरताच्या १०८ करणांपैकी ८१ करणे कोरलेली आहेत. उरलेल्या २७ शिळा कोऱ्याच राहिल्या आहेत. तेव्हा मराठे तंजावरात आले त्याच्या साडेसहाशे वर्षे आधीपासून या गावात नाटक आणि नृत्य यांची जागा, वेतन आणि माणसे यांची नोंद ठेवण्याची रीत होती.

चोळांनंतर हा वारसा विजयनगरच्या वाटेने आला. सोळाव्या शतकाच्या विसाव्या वर्षाच्या आगेमागे विजयनगर पाहिलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने राजवाड्यातील एका दालनाचे वर्णन केले आहे. राजाच्या स्त्रियांना तेथे नृत्य शिकविले जाई. दालन लांबट होते. खांबांमधील फलकांवर नृत्याच्या अखेरीस शरीर कसे असावे त्या ठेवणी कोरल्या होत्या, म्हणजे शिकणारी विसरली तर तिने तिकडे पाहावे. आणि एका टोकाला हातांनी धरून अंग ताणण्यासाठी, सांधे मोकळे करण्यासाठी सोय केलेली होती. हे प्रेक्षागृह नव्हे. ही शिकण्याची आणि सरावाची जागा आहे. नाटकशाळा या शब्दातील ‘शाळा’ कशी असेल, याचे इतके प्रत्यक्ष वर्णन दुसरे क्वचितच मिळेल. या जागेचा प्रेक्षक राजा होता, शिकणाऱ्या स्त्रिया राजवाड्यातल्या होत्या, आणि बाहेरच्याला ती पाहायला मिळणे हाच एक विशेष प्रसंग होता. वास्तूची ही बंदिस्त अवस्था लक्षात ठेवावी लागते, कारण शब्दाच्या पुढील अर्थाचे बीज तिच्यातच आहे.

विजयनगरच्या छत्राखाली उदयाला आलेल्या तंजावरच्या नायकांनी ही व्यवस्था आपल्या दरबारात आणली. रघुनाथ नायकाच्या दरबारात रामभद्रांबेने ‘रघुनाथाभ्युदयम्’ हे संस्कृत काव्य लिहिले. विजयराघव नायकाच्या दरबारात रंगाजम्मेने ‘मन्नारुदासविलासमु’ हे तेलुगू नाटक रचले. म्हणजे दरबारातील स्त्रिया केवळ नाचत नव्हत्या. त्या काव्ये आणि नाटके लिहीत होत्या. तेलुगूत ‘नाटकसाल’ आणि तमिळमध्ये ‘नाटकशालै’ या शब्दांना नर्तकी हा अर्थ मराठीप्रमाणेच आहे. अर्थाचे हे वळण एकट्या मराठीचे नाही. तेलुगू, तमिळ आणि मराठी या तिन्ही भाषा ज्या दरबारांत एकत्र नांदल्या, त्या दरबारी जगाचे ते आहे.

सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि ही सर्व व्यवस्था भोसल्यांच्या हाती आली. त्यांचे पुत्र शहाजीराजे (१६८४–१७१२) यांनी तेलुगू, मराठी आणि इतर भाषांत नाटके रचली. इ.स. १६९० च्या सुमाराचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठीतील सर्वांत जुन्या ज्ञात नाटकांपैकी एक. म्हणजे सांगलीला विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ साली झाले त्याच्या दीडशे वर्षे आधीचे. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात पाच भाषा एकाच रंगावर बोलतात. पुढे प्रतापसिंहांनी (१७३९–१७६३) अनेक मराठी नाटके लिहिली, आणि दुसऱ्या सरफोजींनी (१७९८–१८३२) ‘देवेंद्र कुरवंजी’त भटक्या कुरवंजीच्या तोंडून पृथ्वीचा भूगोल मराठीत सांगितला. सरफोजींच्याच नावावर ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या मराठी नृत्यरचना आहेत. या रचना वाचण्यासाठी नव्हत्या, नाचण्यासाठी होत्या. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरच्या दरबारात मराठी शब्द तोंडाने म्हणणाऱ्या आणि अंगाने दाखविणाऱ्या नर्तकी होत्या. त्यांपैकी पुष्कळींची घरची भाषा तेलुगू वा तमिळ असणार. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या स्त्रियांची गणना सहसा केली जात नाही. त्यांच्यासाठी कागदांत जो शब्द आहे तो ‘नाटकशाळा’. आणि त्या शब्दानेच त्यांना नाटकाच्या इतिहासातून उचलून अंतःपुराच्या इतिहासात नेऊन ठेवले.

हे कसे घडले, हे भाषेच्याच अंगाने पाहता येते. मराठेशाहीतील राजवाडा हा खात्यांचा समूह होता : तोफखाना, पीलखाना, नगारखाना, फरासखाना, पागा. या प्रत्येक शब्दाला किमान दोन अर्थ होते, एक जागेचा आणि एक त्या जागेशी बांधलेल्या माणसांच्या व सामानाच्या समूहाचा. पागा म्हणजे घोड्यांची जागा, आणि पागा म्हणजे एका नायकाखालचे घोडदळही. तोफखाना एका जागी उभा असे आणि तोफखाना कूच करून पुढेही जाई. नाटकशाळा हा शब्द याच पंक्तीत बसविला की पहिली पायरी सहज समजते : नाचण्याची जागा, आणि त्या जागेशी बांधलेला नाचणाऱ्यांचा ताफा. यात नवल काही नाही.

नवल आहे ते दुसऱ्या पायरीचे. तोफखान्यातील एका माणसाला कोणी तोफखाना म्हणत नाही. तो गोलंदाज असतो. पागेतला एकटा माणूस पागा नसतो. तो बारगीर असतो. पीलखान्यात माहूत, नगारखान्यात नगारची, फरासखान्यात फरास. प्रत्येक खात्यातील पुरुषाला त्याच्या कसबाचे वेगळे नाव आहे आणि ते नाव त्याच्याबरोबर खात्याबाहेर जाऊ शकते. बारगीर एका सरदाराची चाकरी सोडून दुसऱ्याकडे गेला तरी बारगीरच राहतो. नाटकशाळेतील स्त्री मात्र स्वतःच नाटकशाळा झाली. खाते आणि ती यांच्यात अंतर उरले नाही. कसब दाखविणारे शब्द भाषेत नव्हते असे नाही. ‘कलावंतीण’ हा शब्द होता, ‘नायकीण’ हा होता, आणि त्यांना त्यांचे म्हणून भोग होतेच. परंतु ‘कलावंतीण’ या शब्दात कला तरी आहे. ‘नाटकशाळा’ या शब्दात, स्त्रीच्या अर्थाने तो वापरला असता, तिचे असे काहीच नाही. आहे ती मालकाची इमारत.

या वळणाला व्याकरणानेही हात दिला असावा. तोफखाना पुल्लिंगी आहे, शाळा स्त्रीलिंगी. आकारान्त स्त्रीलिंगी शब्द स्त्रीला सहज चिकटतो. पण व्याकरण केवळ वाट मोकळी करते, चालविते ती सवय. स्त्रीला घराच्या नावाने ओळखण्याची सवय आपल्या भाषांत जुनी आहे. संस्कृतात ‘गृह’ शब्दाच्या अनेकवचनाचा अर्थ पत्नी असा होतो. ‘अंतःपुर’, ‘शुद्धान्त’, ‘अवरोध’ हे जागेचेही शब्द आणि राण्यांचेही. मराठीत राणीवसा, जनाना यांची तीच गत. आणि राजवाडा कशाला, साध्या मध्यमवर्गीय घरात परवापरवापर्यंत बायकोला ‘कुटुंब’, ‘मंडळी’, ‘घरातून’ असेच म्हणत. फरक एवढाच, की कुटुंब या नावात सन्मान होता आणि नाटकशाळा या नावात तो राहिला नाही. एकीला घर दिल्याने घराचे नाव मिळाले. दुसरीला घर न देता शाळेचे.

तंजावरच्या अखेरच्या दोन राजांच्या काळात ही गोष्ट अक्षरशः दगडविटांत दिसते. १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रज कंपनीकडे गेला. सरफोजींच्या हाती किल्ला, वाडा आणि निवृत्तिवेतन उरले. राज्य गेले तरी दरबार राहिला, किंबहुना दरबार हेच राज्य झाले. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांनी नृत्याच्या कार्यक्रमाला आज ओळखीचा असलेला क्रम दिला तो याच दरबाराच्या आश्रयाने. कावेरीकाठी तिरुवैयारूला सरफोजींचा कल्याणमहाल होता, आणि त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या काळी तंजावरात मंगलविलास. राजाशी धर्मपत्नीचे नाते नसलेल्या स्त्रिया तेथे राहत. त्यांचा निर्देश पुन्हा त्या वास्तूंच्याच नावाने होई : कल्याणमहालच्या स्त्रिया, मंगलविलासच्या स्त्रिया. १८५५ साली शिवाजीराजे औरस पुत्राविना वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. राणीच्या फिर्यादीचा निकाल १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने राणीच्या विरुद्ध दिला. राणीला निदान वादी म्हणून नाव होते. वास्तूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रियांपुढे वास्तूच परक्याच्या ताब्यात गेल्यावर कोणत्या नावाने दाद मागायची, हा प्रश्न होता.

याला एक अपवाद याच घराण्यात आहे आणि तो मुद्दाम सांगितला पाहिजे. सरफोजींची प्रिय सखी मुक्तांबा ही अकाली वारली. तिच्या इच्छेवरून ओरत्तनाड येथे, रामेश्वराच्या यात्रामार्गावर, राजांनी १८०२ च्या सुमारास मोठे छत्र उभारले आणि त्याला तिचे नाव दिले : मुक्तांबाळ छत्र. वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध, मुलांना शिक्षण यांची सोय तेथे होती. तंजावरच्या छत्रांची व्यवस्था कंपनीच्या हाती जाऊ नये म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटाला कळकळीने लिहिले होते. इतर जणींना इमारतीचे नाव लागले. येथे इमारतीला बाईचे नाव लागले. राजाला हे सुचू शकत होते, याचा हा पुरावा आहे.

खात्याचा अर्थ किती टिकाऊ होता ते तंजावरच्या एका विवाहावरून दिसते. १८८० साली तंजावरच्या भोसले घराण्यातील राजकन्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना दिली. त्याच पहिल्या चिमणाबाई. तिच्याबरोबर तंजावरचा नृत्याचा ताफा आंदण म्हणून बडोद्याला गेला. गौरा आणि कांतिमती या त्यातील नर्तकींची नावे सुदैवाने राहिली आहेत. बडोद्यात त्यांची नोंद झाली ती दरबारच्या कलावंत कारखान्यात. कलावंत हा माणूस आणि कारखाना हे खाते असे दोन शब्द तेथे वेगळे ठेवले गेले, ही सुधारणा खरी. पण माणसांना सामानाबरोबर आंदण देता येते ही समजूत दोन्ही ठिकाणी सारखीच होती.

आता पश्चिमेकडे, म्हणजे ज्याला आपण मराठी रंगभूमी म्हणतो तिच्याकडे वळता येईल. भाव्यांनी सांगलीत नाटक उभे केले ते कर्नाटकातील भागवतांचे खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी इच्छा दर्शविल्यावर. त्या भागवतांच्या खेळांत आणि तंजावरजवळच्या मेलट्टूरच्या भागवतमेळ्यात एक गोष्ट समान आहे : स्त्रीभूमिका पुरुष करतात. म्हणजे दक्षिणेत नाटकाच्या दोन परंपरा शेजारी-शेजारी होत्या. एकीत स्त्री नव्हतीच. दुसरीत स्त्री होती, परंतु तिलाच नाटकशाळा म्हटले जाई. मराठीने पुढे नेली ती पहिली. १८५३ साली मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाट्यगृहात भाव्यांची मंडळी उतरली तेव्हा शब्दही ‘थेटर’ हा आला, आणि नंतर जेव्हा स्वभाषेतील प्रतिष्ठित शब्द हवा झाला तेव्हा गृह आणि मंदिर निवडले गेले. ही निवड निष्पाप नव्हती. नाटकाला सभ्य समाजात स्थान हवे होते. ‘मंदिर’ शब्दाने ते मागितले, आणि ‘शाळा’ शब्द टाळून जुन्या नाटकाशी असलेला स्त्रियांचा संबंध झाकला. भाऊराव कोल्हटकरांपासून बालगंधर्वांपर्यंत पुरुषांनी स्त्रीभूमिका किती सुंदर केल्या याचे कौतुक मराठीत पुष्कळ झाले आहे आणि ते रास्त आहे. त्या कौतुकाच्या मागे एक रिकामी जागा आहे, आणि त्या जागेचे जुने नाव नाटकशाळा.

तमिळ देशात हा झगडा उघडपणे झाला. प्रतापसिंहांच्या दरबारातील मुद्दुपळनी या गणिकेने ‘राधिकासांत्वनमु’ हे तेलुगू काव्य लिहिले. तिची आजी तंजनायकी हीही विदुषी होती. छापील आवृत्तीत गाळलेला भाग परत घालून बंगळूर नागरत्नम्मा यांनी १९१० साली हे काव्य नव्याने प्रसिद्ध केले. त्यांचाही जन्म देवदासी परंपरेतला. १९११ साली सरकारने अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यावर कारवाई केली आणि बंदी उठली ती १९४७ मध्ये. योगायोग असा, की त्याच वर्षी मद्रास प्रांतात देवदासी वाहण्याच्या प्रथेला बंदी घालणारा कायदा झाला. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी त्यासाठी १९२० च्या दशकापासून झुंज दिली होती, आणि ती आवश्यक होती. परंतु प्रथा गेली तेव्हा प्रथेतील स्त्रियांची विद्या मात्र दुसऱ्या नावाने दुसऱ्यांच्या घरी गेली, ही त्यांच्यापैकी अनेकींची व्यथाही खोटी म्हणता येत नाही.

याच नागरत्नम्मांनी तिरुवैयारूला त्यागराजांच्या जीर्ण समाधीचा शोध लागल्यावर आपली पुंजी खर्चून तेथे देवालय बांधले. त्या उत्सवात स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती. १९२७ साली त्यांनी स्त्रियांचा वेगळा उत्सव सुरू केला. सरफोजींचा कल्याणमहाल ज्या गावात आहे त्याच गावातली ही गोष्ट. वास्तूत ठेवली जाणारी स्त्री शंभर वर्षांनी त्याच नदीकाठी वास्तू बांधणारी झाली.

आणि बालसरस्वती (१९१८–१९८४). त्यांच्या मातृवंशाची सुरुवात अठराव्या शतकातील तंजावर दरबारच्या पापम्माळ या कलावतीपासून सांगितली जाते. १९७५ साली तमिळ इसै संगमच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी नृत्याच्या कार्यक्रमाचा क्रम देवळाच्या रचनेच्या रूपकाने समजावून सांगितला : अलारिप्पू हे गोपुर, तेथून एकेक मंडप ओलांडीत वर्णम् हे गर्भगृहाच्या सान्निध्यात नेते, आणि पदम् म्हणजे गाभाऱ्यातील निवांतपणा. तंजावरच्या नाटकशाळांच्या परंपरेतील एका स्त्रीने आपल्या विद्येचे वर्णन पुन्हा वास्तूच्या भाषेत केले. पण या वेळी वास्तू तिच्या मालकाची नव्हती. ती तिच्या अंगातून उभी राहत होती, आणि प्रेक्षकाला दारातून आत नेणारी तीच होती.

आज ‘नाटकशाळा’ हा शब्द ऐकून विद्यार्थ्याला नाटक शिकविणारी शाळा आठवते, कारण मराठीत नुसती ‘शाळा’ म्हणजे विद्यालय असा अर्थ आता पक्का झाला आहे. शब्द पुन्हा निर्मळ झाला, असे म्हणून समाधान मानता येईल. परंतु सरस्वती महाल ग्रंथालयातील किंवा तमिळ विद्यापीठातील तंजावरचे मोडी कागद, अथवा पुण्याचे पेशवे दप्तर वाचणाऱ्याने या शब्दापाशी थांबले पाहिजे. ‘नाटकशाळेस नेमणूक’ अशा प्रकारची ओळ आली की पाहावे : नेमणूक इमारतीच्या देखभालीची आहे, ताफ्याच्या खर्चाची आहे, की एका बाईच्या पोटगीची? पुढचे क्रियापद पाहावे, रक्कम पाहावी, लुगडी-चोळ्यांचा उल्लेख आहे की चुना-विटांचा ते पाहावे. आणि बाई असेल तर ती कोणती विद्या जाणत होती, कोणाकडे शिकली, कोणत्या भाषेतले काय म्हणत नाचली, हे विचारावे. राजराजाच्या दगडावर चारशे जणींची नावे घरांच्या क्रमाने आहेत. मराठी कागदांत घराचे नाव राहिले आहे. त्या घरातल्या माणसांची नावे शोधणे हे आता नाट्येतिहासाचे काम आहे.